साडेचार हजार मीटरच्या बोअरमधला कॅमेरा

आधीच सांगून टाकतो, मी शास्त्रज्ञ बिस्त्रज्ञ कोणी नाही, औसा-निलंगा भागात बोअरमध्ये कॅमेरा सोडायचं काम करतो. कुणाची मोटार अडकली, पाइप तुटून खाली गेला, बोअर मधीच ढासळला की फोन येतो, मग मी रीळ, मॉनिटर, बॅटरी गाडीवर बांधून जातो, हजार फूट केबलच्या टोकाला मक्याच्या कणसाएवढा कॅमेरा बांधून आत सोडतो आन् घरातली, शेजारची, वाटंनं जाणारी सगळी माणसं मॉनिटरवर डोकं घालून उभी राहतात. त्यामुळं अंधारात खाली जाणारा कॅमेरा म्हटलं की मला बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच इंटरेस्ट. आणि हा रिव्ह्यू अशाच एका गोष्टीचा आहे, खोल समुद्राच्या तळावरून रोबोच्या कॅमेऱ्यातून यूट्यूबवर जे लाइव्ह दाखवतात त्याचा, फक्त ती फुकट आहे आणि बोअर लई मोठा आहे.

झालं असं की २०२५ च्या जुलैअखेर माझी पुतणी, बारावीला आहे, लातूरला नीटची तयारी चालू आहे, ती जेवताना मोबाइल घेऊन आली आन् म्हणाली काका हे बघा, ही चांदणी बघा कशी बसलीय. समुद्राच्या तळाला एक केशरी रंगाची जाडजूड स्टारफिश, मागून बघितलं तर अगदी माणूस पाट्यावर बसावा तशी, तिकडच्या लोकांनी तर तिला तिच्या बुडावरूनच नाव पाडलेलं. पोरगी हसून हसून बेजार. मला मात्र चांदणी नंतर दिसली, आधी दिसला तो उजेड. इतका स्वच्छ, एकसारखा उजेड आन् कॅमेरा जरापण हलत नाही. आमचा कॅमेरा सहाशे फुटाला गेला की केबलला पीळ बसून गरगर फिरतो, गिऱ्हाइकाला चक्कर येते. म्हटलं हे कोण करायलेत, कसं करायलेत, ते बघायलाच पाहिजे.

तर ते अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून लांब, मार देल प्लाता नावाच्या समुद्राखालच्या दरीत चाललेलं संशोधन होतं. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ, श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं फाल्कोर टू नावाचं जहाज आन् सुबॅस्टियन नावाचा बिनमाणसाचा रोबो, जो ४५०० मीटरपर्यंत जातो. फुटात सांगायचं तर पावणेपंधरा हजार फूट. रोबोला जे दिसतं ते केबलमधून जहाजावर, जहाजावरून सॅटेलाइटनं थेट यूट्यूबवर. एका वेळी पन्नास हजारांच्या वर लोक बघायले होते तिकडं. अशी प्रक्षेपणं करणारे अजून दोन मोठे आहेत. एक ओशन एक्सप्लोरेशन ट्रस्ट, त्यांचं नॉटिलस जहाज, ही संस्था रॉबर्ट बॅलार्ड यांची, म्हणजे १९८५ ला टायटॅनिक शोधणाऱ्यांपैकी जे होते ते. दुसरं अमेरिकन सरकारची समुद्र आन् हवामान बघणारी संस्था नोआ, त्यांचं ओकिआनोस एक्सप्लोरर, त्यांचा रोबो ६००० मीटरवाला. मी तिन्ही बघितलेत, पण मन बसलं ते पहिल्यावर, पहिलं म्हणून असेल.

आता थोडं मशीनबद्दल बोलू द्या, कारण यावर कोणी बोलतच नाही, सगळे नुसते माशाचे फोटो टाकतात. पाण्यात दर दहा मीटरला एक किलोचा दाब वाढतो, हे बोअरवाल्याला कुणी शिकवायला नको. चार हजार मीटरला चारशे किलो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर चार क्विंटल. जहाजावरचे लोक गंमत म्हणून थर्माकोलचे पेले रोबोसोबत खाली पाठवतात, वर येताना ते बाहुलीच्या भातुकलीतल्या कपाएवढे होऊन येतात. मग मशीन कशी टिकते? तर काही पेट्या जाड धातूच्या असतात, पण बऱ्याच पेट्यांत तेल भरलेलं असतं, हवा दबते, तेल जवळपास दबत नाही, आतला दाब बाहेरच्या एवढाच ठेवला की पेटी चेपायचा प्रश्नच नाही. हे वाचल्यावर मी एकटाच हसलो, कारण आपल्या पाणबुडी मोटारीत पाणी भरायचं विसरून मोटार सोडणारे शहाणे मी दर उन्हाळ्यात बघतो. वर तरंगायला रेझिनमध्ये बारीक बारीक काचेचे पोकळ मणी घातलेला एक फोम असतो. केबलमधून करंटपण जातो आन् काचेच्या तारेतून चित्र पण येतं. आणि वर जहाज लाटांत एका जागेवर धरून ठेवायचं काम कंप्युटर करतो, पंखे फिरवून फिरवून. मी इथं ट्रायपॉड जमिनीवर रोवलेला असून माझी केबल केसिंगला घासते.

पहिल्या संध्याकाळी बसलो तेव्हा निव्वळ वैताग आला होता हे प्रामाणिकपणे सांगतो. रोबो खाली जायलाच दोन-अडीच तास. पहिले दोनशे मीटर निळं, मग काळं, आन् हजार मीटरच्या खाली सूर्य नावाची गोष्टच नाही. स्क्रीनवर नुसते पांढरे ठिपके वरून खाली पडायलेत. मला वाटलं काच घाण झाली, आमच्याकडं असंच दिसतं कॅमेरा पुसायचा राहिला की. पुतणी म्हणाली काका ती घाण नाही, तो मरीन स्नो आहे, वरच्या पाण्यातले मेलेले बारीक जीव, विष्ठा, चिकट कचरा असं सगळं हळूहळू खाली झिरपत जातं आन् खालचे बहुतेक जीव त्याच्यावरच जगतात. म्हणजे वरच्यांचं उष्टं. त्यानंतर मी त्या ठिपक्यांकडं वैतागून बघितलं नाही.

तळाला पोचल्यावर चिखल. चिखल, चिखल, एक खडक, परत चिखल. पण मग हळूहळू डोळा बसतो. एका खडकावर पांढरं पोवळं, त्याला चिकटलेला ठिसूळ हाताचा तारा, बाजूला जमिनीतून उभं राहिलेलं मोराच्या पिसासारखं काहीतरी. पुतणी पुस्तकच उघडून बसली. त्यांच्या अकरावीच्या पुस्तकात प्राणी सृष्टीच्या धड्यात नावांची यादी आहे ना, पेनॅटुला, गॉर्गोनिया, अँटेडॉन, कुकुमारिया, ओफियुरा, लातूरची पोरं ती यादी झोपेत पण म्हणतात, पण यातलं एक पण त्यांनी जिवंत बघितलेलं नसतं. तिनं एका आठवड्यात पेनॅटुलाच्या जातीचं बघितलं, गॉर्गोनियाच्या जातीचं बघितलं, समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे मऊ प्राणी, त्या तर पोत्यानं. म्हणाली काका हे असं चालतंय होय, मला तर वाटायचं हे नुसतं पर्यायात टिक करायला आहे.

समुद्रकाकडीवरून आठवलं. एक जांभळी काकडी दिसली, गुबगुबीत, अर्धवट पारदर्शक, चिखलावरून तुरुतुरु चाललेली. अर्जेंटिनावाले तिला बातातिता म्हणायले, म्हणजे छोटं रताळं. नेमका श्रावणातला सोमवार, आमच्याकडं उपासाला रताळ्याच्या फोडी उकडलेल्या, आन् स्क्रीनवर साडेतीन-चार हजार किलोमीटर नाही, पार पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला रताळं चालायलंय. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडं आणला ना, तो आन् हा बाताता एकाच घरचे. मायला सांगितलं तर ती म्हणाली, मग ते उपासाला चालतंय का.

माय बघायला लागली ती तिथून. चष्मा लावून, पाट टाकून, मोबाइल टीव्हीला जोडायला लावून. तिला इंग्रजीपण कळत नाही आन् स्पॅनिशपण, त्यामुळं तिच्यासाठी सगळं सारखंच, उलट ती माझ्यापेक्षा जास्त बघायची. एका रात्री एका कपारीत ऑक्टोपस दिसला, पाय उलटे दुमडून, पोटाखाली काहीतरी झाकून बसलेला. मी म्हटलं शिकार धरली असेल. माय म्हणाली, आरं खुडूक बसलीय ती.

बरोबर होतं तिचं, तशाच बसतात म्हणे अंड्यावर. मग पुतणीनं शोधून वाचून दाखवलं. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात मॉन्टेरेच्या दरीत, साधारण १४०० मीटर खोल, तिथल्या संशोधकांना २००७ ला एक मादी अंड्यांवर बसलेली दिसली. ते परत परत रोबो घेऊन तिच्याकडं जात राहिले, २०११ पर्यंत. दर वेळी तीच मादी, अंगावरच्या खुणांवरून ओळखलेली, त्याच खडकावर. एकूण ५३ महिने. साडेचार वर्षांला थोडंच कमी. त्या सगळ्या फेऱ्यांत तिला काही खाताना कुणी बघितलं नाही, खेकडे जवळ आले तर नुसते ढकलायची, आन् दर वेळी आधीपेक्षा फिकी, सुकलेली दिसायची. शेवटच्या फेरीला खडकावर फुटलेल्या अंड्यांची टरफलं होती, ती नव्हती. माय काहीच बोलली नाही बराच वेळ. मग म्हणाली, कोंबडी एकवीस दिवसांची, तरी उठून दाणे टिपून येते.

इतकी वर्षं का लागतात तर थंडीमुळं, खाली पाणी दोन-तीन डिग्री, सगळं सावकाश. म्हणूनच त्याच किनाऱ्यालगत डेव्हिडसन नावाच्या समुद्राखालच्या डोंगराजवळ, साधारण ३२०० मीटरला, २०१८ ला नॉटिलसवाल्यांना हजारभर माद्या एकत्र अंड्यांवर बसलेल्या सापडल्या तेव्हा सगळे चक्रावले. नंतर कळलं की तिथं खडकाच्या भेगांतून कोमट पाणी पाझरतं, आजूबाजूला दीड डिग्री तर भेगेत दहाच्या आसपास, आन् त्या उबेला अंडी दोन वर्षांच्या आतच फुटतात. बाळंतिणीला शेगडी ठेवावी तसं. भेगेतून पाणी पाझरतं हे मी मॉनिटरवर रोज बघतो, मांजऱ्या खडक लागला की हमखास, पण त्याच्याभोवती कुणी बिऱ्हाड केलंय असं बघायला मिळालं नाही. फारफार तर बेडूक.

बाकी ज्या गाजलेल्या गोष्टी आहेत, म्हणजे २०२० ला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला दिसलेला तो गोल गोल वळलेला सायफोनोफोर, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातला दोरीसारखा लांब जीव, ज्याचा बाहेरचा वळसाच ४७ मीटरचा भरला, किंवा २०२५ च्या मार्चमध्ये साउथ सँडविच बेटांजवळ ६०० मीटरला दिसलेला कलोसल स्क्विड, म्हणजे अवाढव्य माकूळ, जी जात शास्त्राला शंभर वर्षं माहीत होती पण खोल समुद्रात तिच्या घरी जिवंत असताना कुणी चित्रीत केली नव्हती, आन् दिसलं तेव्हा ते फुटभर लांबीचं पारदर्शक पिल्लू होतं, हे सगळं रेकॉर्डेड मिळतं, बघा जरूर. पण खरं सांगू का, क्लिपमध्ये ती मजा नाही. क्लिप म्हणजे पंगतीत नुसता गुलाबजाम खाऊन उठणं. लाइव्हमध्ये तीन तास चिखल बघितल्यावर जे येतं ना, त्याला चव आहे.

आणि मला सगळ्यात जास्त जे आवडलं ते म्हणजे त्या लोकांचं बोलणं. काहीतरी विचित्र दिसतं, ते कॅमेरा झूम करतात, दोन लेझरचे ठिपके मारून माप घेतात, जहाजावरचे दोघंतिघं भांडल्यासारखं बोलतात, ही जात का ती जात, आन् शेवटी एकजण सरळ सांगतो की माहीत नाही, बघावं लागेल. हजारो लोकांसमोर. मग रोबोचा हात पुढं येतो, नाजूकपणे, अंडं उचलावं तसा, किंवा एक नळी येते आन् तो जीव व्हॅक्युम क्लीनरसारखा आत ओढून डब्यात ठेवते. त्या एका मोहिमेत चाळीसच्या वर जाती नव्या असाव्यात असा त्यांचा अंदाज निघाला, आन् तोही अंदाजच म्हणून सांगितला. आमच्या धंद्यात हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. हातावर आडवा नारळ घेऊन शेतातून फिरणारा पाणाड्या कधीच म्हणत नाही की माहीत नाही, तो म्हणतो साडेतीनशे फुटाला अडीच इंच पाणी, लिहून घ्या. माणूस सोनं गहाण टाकून आठशे फूट पाडतो, फुफाटा निघतो, पाणाड्या पुढच्या गावाला. त्यानंतर लोक मला बोलावतात, कॅमेरा टाकून बघा म्हणतात कुठं ओल दिसतीय का, आन् मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणावं लागतं. म्हणून त्या लोकांचं माहीत नाही मला फार जवळचं वाटलं.

आता तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर म्हणाल याला पैसे मिळालेत.

पहिली भाषा. इंग्रजी तरी अर्धीमुर्धी समजते, अर्जेंटिनावालं तर सगळं स्पॅनिश, खालच्या आपोआप येणाऱ्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका, एकदा समुद्रकाकडीला काय की सरकारी कर्मचारी असं भाषांतर आलं. घरात एखादं शिकलेलं पोरगं असेल तर बसवा शेजारी. दुसरी वेळ. अर्जेंटिना आपल्या साडेआठ तास मागं, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, ते उत्तम जमलं, जेवणं उरकून बसता येतं. पण हवाईकडचं असलं की त्यांची सकाळ आठ म्हणजे आपली रात्र साडेअकरा, दुसऱ्या दिवशी कामावर डुलक्या. तिसरी, वेळापत्रकाचा भरवसा नाही, वारं सुटलं, लाटा वाढल्या की डाइव्ह रद्द, पण ह्याला कोण काय करणार. चौथी, डेटा. रोजचा दीड जीबीचा पॅक रात्री दहालाच गार होतो, चित्र चौकोन चौकोन होतं आन् नेमकं तेव्हाच ते लोक ओरडतात, म्हणजे काहीतरी भारी आलेलं असतं जे तुम्हाला दिसत नाही. वायफाय असेल तरच नाद करा.

आन् एक सावधानतेची गोष्ट, ह्या लाइव्हच्या शेजारीच यूट्यूब तुम्हाला कसलेकसले व्हिडिओ दाखवायला लागतो, ढॅणढॅण म्युझिक, जहाजाएवढा मासा, माणसाच्या तोंडाचा खेकडा. सगळं कंप्युटरवर बनवलेलं. आमच्या शेजारच्या अण्णांनी त्यातलं एक मला पाठवलं आन् वर विचारलं की हे तुम्ही बघता तेच का. खरं ओळखायची साधी खूण सांगतो, खऱ्यात म्युझिक नसतं, माणसं बोलत असतात, मधी खोकतात, जेवणाचं बोलतात, आन् लई वेळ काहीच होत नाही.

आपल्या देशाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था मत्स्य ६००० बनवायलीय, २.१ मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोळ्यात तीन माणसं बसून ६००० मीटर खाली जाणार, म्हणजे नुसता कॅमेरा नाही, माणूस. सरावासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपले दोघं फ्रेंचांच्या पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरून पण आले, एक ४००० मीटरच्या पुढं, एक ५००० च्या पुढं. आपल्याच हिंदी महासागराच्या तळाला उकळत्या पाण्याच्या झऱ्यांपाशी एक गोगलगाय राहते जिच्या पायावर लोहाच्या संयुगाचे खवले आहेत, चिलखत घातल्यासारखे, आन् तिथं खाणकामाचा डोळा आहे म्हणून ती २०१९ ला धोक्यातल्या यादीत गेली. हे आपल्या लोकांनी आपल्या भाषेत लाइव्ह दाखवलं तर काय बहार येईल. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा स्टेशनवर गर्दी केलेल्या लातूरकरांना पाणी बघायचा कंटाळा नाही, एवढं मी लिहून देतो.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा भाषेचा कापला. ज्यांना दर पंधरा सेकंदाला काहीतरी पाहिजे त्यांच्यासाठी दोनच समजा. बघायचं तर मोठ्या टीव्हीवर, खोलीतला दिवा बंद करून, हातात काहीतरी काम घेऊन बघा, माय शेंगा फोडते, मी केबलची जोडणी करतो.

एक प्रसंग सांगून थांबतो. त्या मोहिमेच्या शेवटी शेवटी एका रात्री रोबो तीन हजार मीटरच्या पुढं होता, एका कड्याला लागून चाललेला, कॅमेऱ्यासमोर पोवळ्याचं झुडूप, आन् लाइट गेली. पूर्ण फिडरची. आमच्या घरात मशीन खाली गेली की ती वर येईपर्यंत कुणाला चैन नसतं, दोन वर्षांखाली माझा स्वतःचा कॅमेरा पाचशे चाळीस फुटाला दगडात अडकून दोन दिवस खाली राहिला होता, कर्जावर घेतलेला, तेव्हा मायनं देव पाण्यात घातलेले. लाइट पहाटे आली. सकाळी मी तोंड धुवायलो होतो तर माय दारात येऊन उभी, चूल पेटलेली नाही, दूध तसंच. म्हणाली, आरं ती मशीन आली का वर? मी मोबाइल काढून बघितलं, जहाजाच्या डेकवर रोबो उभा, पाणी निथळायलेलं, माणसं डबे काढून न्यायलेली. आली म्हटलं. मग ती चहा टाकायला गेली.